मजुरीचा दर आणि मजुरीचा वार



बांधकामाच्या धंद्यात एक वाद कधी मिटत नाही. माणसं हजेरीवर, म्हणजे रोजावर, ठेवायची की काम उक्तं, म्हणजे मापावर, द्यायचं? हजेरीवर माणसं तंबाखू मळत बसतात, असं एक पक्ष म्हणतो. उक्तं दिलं की कामाचा विचका होतो, असं दुसरा म्हणतो. मी या धंद्यात शिरलो तो बिलं तपासणारा ज्युनिअर इंजिनिअर म्हणून. त्यामुळे दोन्ही पक्षांचे पुरावे माझ्या टेबलावरून गेले आहेत, आणि आपापल्या जागी दोघंही खरं बोलतात. तरी हा वाद अर्धवट आहे, असं माझं मत बनलं आहे. पुण्यातल्या साइटवर काम किती होतं आणि कसं होतं, हे दराच्या पद्धतीपेक्षाही मजुरी कोणत्या वारी हातात पडते आणि कोणाच्या हातून पडते यावर जास्त ठरतं. दर सगळे विचारतात. वार कोणी विचारत नाही.

 

आधी पैसे देण्याच्या रीती पाहू. सकाळी आठच्या सुमारास वारजे, हडपसर किंवा कात्रजच्या मजूर अड्ड्यावर गेलात तर थापी-ओळंबा पिशवीत घेऊन उभे असलेले गवंडी आणि त्यांच्याबरोबरचे बिगारी दिसतील. त्यांचा सौदा उघड असतो. दिवसाची हजेरी ठरते, दुचाकीवर बसवून माणूस नेला जातो, संध्याकाळी पैसे हातावर. मोठ्या साइटवरचा मामला निराळा. तिथे प्लास्टर फुटावर, वीटकाम ब्रासवर, लोखंड बांधणं टनावर, चौकटी बसवणं नगावर. टोळी बिहारची असो, झारखंडची असो, कलबुर्गी-यादगीरची असो की नांदेड-परभणीची, तिला दर आठवड्याला मिळते ती खर्ची. पोटापुरते, रिचार्जपुरते पैसे. उरलेला हिशेब दिवाळीला, छठला, होळीला किंवा साइट संपल्यावर. आणि गावाहून निघताना मुकादमाने घरी दिलेली उचल त्या हिशेबातून आधी वळती होते.

विकासक काम मुख्य कंत्राटदाराला देतो, तो लेबर कॉन्ट्रॅक्टरला, तो मुकादमाला. वरच्या तिघांमधला व्यवहार मापावर चालतो. मुकादमही काम उक्तं घेतो. पण टोळीच्या आत तो बहुतेकांना हजेरी देतो. म्हणजे कागदावर काम उक्तं, आणि घमेलं उचलणाऱ्याच्या लेखी ती रोजंदारीच. काम झपाट्यानं उरकलं तर वरकड मुकादमाची. घाम मात्र टोळीचा. 'आम्ही उक्तं देतो, म्हणून आमच्याकडे काम जोरात चालतं', असं अभिमानानं सांगणाऱ्या कंत्राटदाराला मी हमखास विचारतो की तो जास्तीचा पैसा नेमका कोणाला मिळतो. बहुतेकांनी हे पाहिलेलं नसतं.

खरोखरच उक्त्यावर, स्वतःच्या नफ्यातोट्यावर काम करणाऱ्या जोड्याही असतात. त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. आतल्या प्लास्टरचंच घ्या. समजा, गवंडी आणि बिगारी या जोडीची हजेरी दीड हजार रुपये आहे आणि उक्ता दर फुटाला पंधरा रुपये. शंभर फूट झालं की हजेरी सुटली. दीडशे फूट मारलं तर सव्वादोन हजार. आता हे पन्नास फूट येतात कुठून? हात थोडा वेगानं चालतो हे खरंच, पण हाताच्या वेगाला मर्यादा आहे. बाकीचं फूट येतं ते मापात न धरल्या जाणाऱ्या कामांमधून. भिंत आदल्या दिवशी भिजवायची असते, ती भिजवली जात नाही. काँक्रीटचा गुळगुळीत कॉलम टोचून खडबडीत करायचा असतो, तो चार ठिकाणी टोचल्यासारखा केला जातो. बीम आणि वीटकाम जिथे मिळतं तिथे कोंबडजाळी मारायची असते, ती एका बाजूला खिळा ठोकून लोंबत ठेवली जाते. सकाळी एकदम कालवलेला माल दुपारी मरायला लागला की त्यात पाणी घालून पुन्हा हलवतात. हे सगळं प्लास्टरच्या आत गाडलं जातं. टेप लावणाऱ्याला दिसते ती लांबी आणि रुंदी. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात बीमच्या कडेनं आडवी चीर पडते, तेव्हा ती जोडी हैदराबादला पोचलेली असते.

सेंट्रिंगमध्ये तर हा खेळ जिवाशी येतो. सेंट्रिंगवाल्याचा पैसा फुटावर, आणि प्लेट्स-टेकू जितक्या लवकर सुटतील तितक्या लवकर पुढचा स्लॅब धरता येतो. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायला सांगितले आहेत. सहा मीटरहून लांब बीमचे टेकू एकवीस दिवस. दर देताना या दिवसांचे पैसे कोणी धरत नाही. मग ज्याचा माल अडकलेला असतो तो एक टेकू आज काढतो, एक उद्या. त्याला दोष द्यायच्या आधी दरपत्रक कोणी लिहिलं ते पाहा.

अर्थशास्त्रज्ञांनी मापावरच्या मजुरीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला, एडवर्ड लेझिअर यांचा, २००० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सेफलाइट या कंपनीत मोटारींच्या काचा बसवणारे कामगार होते. त्यांना तासावरून नगावर आणलं, तर दरडोई काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातली साधारण निम्मी वाढ तेच कामगार जास्त काम करू लागल्याची. उरलेल्या वाढीत चपळ माणसं कंपनीकडे येण्याचा मोठा वाटा. आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या वर्गांतून हा आकडा आवडीनं सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. बसवलेली काच तडकली तर त्याच कामगाराला ती स्वतःच्या वेळात पुन्हा बसवावी लागे आणि नव्या काचेचा भुर्दंडही सोसावा लागे. दोष कोणाचा हे लगेच कळत होतं आणि माणूस जागेवर होता. प्लास्टरमागची न मारलेली जाळी कोणाची, हे तिसऱ्या पावसाळ्यात कोण शोधणार?

उक्त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध बोलताना आणखी एका जुन्या माणसाचं नाव घ्यायला हवं. ॲडम स्मिथनं १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की मापावर भरपूर मजुरी मिळू लागली की कामगार प्रकृतीची पर्वा न करता राबतात. दाखला म्हणून त्यानं निवडला तो लंडनचा सुतार. पूर्ण जोमाची आठेक वर्षं संपली की तो खचतो, असं तो सांगतो. आपल्या साइटवर पन्नाशीतला लोखंड बांधणारा फिटर शोधून पाहा. वॉचमन म्हणून सापडेल.

आता ज्या मुद्द्याकडे अगदी अनुभवी मंडळींचंही दुर्लक्ष होतं, त्याकडे येतो. साइटवर कामाचा वेळ वाया जातो तो मुख्यतः खोळंब्यानं. क्रश सँड आलेली नाही. वरच्या मजल्यावर माल चढवणारी लिफ्ट बंद. इलेक्ट्रिशियनचे पाइप टाकायचे राहिलेत, म्हणून भिंत धरता येत नाही. ड्रॉइंग बदललं, कालची भिंत आज तोडा. गवंडी आळशी असता तर त्याला कामाला लावणं सोपं होतं. पण रिकामी पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दर वाढवून देऊन काय फायदा? मघाच्याच जोडीकडे पाहा. सँड दुपारी आली, दिवसभरात साठ फूट झालं, हातात नऊशे रुपये. हजेरीवर असते तर दीड हजार घेऊन गेले असते आणि उरलेले सहाशे कंत्राटदाराच्या खिशातून गेले असते. त्याला ते टोचले असते. उद्या सँड सकाळी सातला कशी येईल ते त्यानं पाहिलं असतं.

उक्त्याचा खरा तोटा मला इथे दिसतो. खोळंब्याचा खर्च मजुराच्या अंगावर टाकला की नियोजन सुधारण्याची गरज व्यवस्थापनाला भासेनाशी होते. खोळंबा कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. प्रकल्प सहा महिने लांबला की बैठक बसते आणि 'लेबर मिळत नाही हो' असं इतिवृत्तात लिहिलं जातं. खरं तर कायद्यानं याचा विचार फार पूर्वी केला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दोन्ही गोष्टी होत्या: मापावर काम करणाऱ्यालाही किमान वेळदरापेक्षा कमी मिळता कामा नये, आणि कामावर आलेल्या माणसाला मालकानं काम पुरवलं नाही तरी दिवसाची मजुरी द्यावी. हीच तत्त्वं २०१९ च्या वेतन संहितेत आली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. साइट ऑफिसच्या भिंतीवर किमान वेतनाचा तक्ता लावलेला असतो. उक्त्याच्या जोडीला तो आपल्यालाही लागू आहे हे माहीत नसतं, आणि इंजिनिअरलाही बहुधा नसतं.

मापावरच्या मजुरीचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यानं केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे आणि नाला बांधावर माती टाकणारे हजारो हात वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीवर उभे राहिले. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिथलं दरपत्रक वेगळ्या विचारानं बांधलेलं होतं: सर्वसाधारण माणसानं सात तास काम केलं तर त्याला किमान वेतन पडलं पाहिजे, अशा हिशेबानं दर लावायचे. जमीन मुरमाड की खडकाळ, माती किती लांब आणि किती उंच टाकायची, यावर दर बदलत. त्या योजनेत घोटाळे झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. ते सगळ्यांनी वाचलेले आहेत. पण दर ठरवताना कामाची अडचण मोजायची असते, ही जाण त्या दरपत्रकात होती. पुण्यातल्या खासगी साइटवर बाराव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीचा आणि तळमजल्याच्या आतल्या भिंतीचा दर ठरतो तो घासाघिशीवर.

आता वाराकडे वळतो.

हा प्रश्न पुणेकरांना नवा नाही. महात्मा फुले स्वतः बांधकामाच्या व्यवसायात होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते एक चालक. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध होता. खडी, चुना आणि मजूर या तिन्हींचा हिशेब त्यांना ठाऊक होता. इंजिनिअर खात्यातल्या लबाड्यांवर 'गुलामगिरी'त त्यांनी तोफ डागली ती आतल्या माहितीवर. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या आयोगापुढे ठेवलं. रविवारच्या सुट्टीची त्यातली मागणी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. लोखंडे यांच्या त्या निवेदनात पगार वाढवा अशी मागणी पुढे नव्हती, पगाराची तारीख ठरवा ही होती. पगार रखडला की कामगार वाण्याकडे उधारीवर जगतो, उधारीचा भाव चढा असतो, आणि मिळालेला रुपया बारा आण्यांचा होतो, हे त्यांनी जवळून पाहिलं असणार. त्या गोष्टीला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली.

उशिरा मिळालेल्या पैशानं घराचं नुकसान होतं हे कोणीही मान्य करील. पण त्यानं कामाचंही नुकसान होतं, याचा अलीकडचा पुरावा ओडिशातून आला आहे. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगावर मजुरी घेऊन पत्रावळी बनवणाऱ्या गरीब कामगारांवर एक प्रयोग केला. दर सगळ्यांना सारखाच. फरक इतकाच की काहींना कमावलेल्या पैशातला मोठा भाग लवकर दिला, काहींना नंतर. लवकर पैसे मिळालेल्यांनी आधी देणी फेडली, घरात सामान भरलं. आणि त्यानंतरच्या दिवसांत त्यांचं काम ७ टक्क्यांनी वाढलं. हातून होणाऱ्या चुकाही कमी झाल्या. ज्यांची ओढाताण जास्त, त्यांच्यात हा फरक जास्त. दमडीही जास्त न देता, फक्त वार बदलून मिळालेले हे सात टक्के आहेत. त्याच अभ्यासकांपैकी काहींना म्हैसूरच्या डेटा एंट्री कामगारांमध्ये असं दिसलं होतं की पगाराचा दिवस जवळ येईल तसा कामाचा वेग चढतो. ज्याच्या पगाराला ठरलेला दिवसच नाही, त्याच्या बाबतीत काय जवळ येणार?

चुका कमी झाल्या, हा भाग मला आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. पत्रावळीत चूक झाली तर पान वाया जातं. पन्नास फुटांवरच्या परांचीवर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष गावाकडच्या फोनमध्ये अडकलेलं असेल, सावकार दारात बसला आहे असं बायकोनं आत्ताच सांगितलं असेल, तर त्याच्या चुकीचं मोल वेगळं असतं. पुण्यात २०१९ च्या जूनमध्ये कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जीव गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत येरवड्याच्या शास्त्रीनगरमध्ये रात्री काम चालू असताना लोखंडी जाळी पडून पाच मजूर मेले. या दुर्घटनांची कारणं मजुरीच्या पद्धतीत होती असं मी मुळीच म्हणत नाही. ती वेगळी होती. पण ही माणसं कोणत्या अवस्थेत राहतात आणि किती वाजेपर्यंत राबतात, ते त्या दोन रात्रींनी शहराला दाखवलं.

वाराचं महत्त्व पाहायला ओडिशापर्यंत जायलाही नको. आपल्या साइटवर स्लॅब भरणारी टोळी असते. रेडीमिक्स सर्रास व्हायच्या आधी तर स्लॅबचा दिवस म्हणजे साइटवरचा सण होता. मिक्सर, लिफ्ट आणि पाट्या पोचवणाऱ्या माणसांची रांग पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले. पाऊस आला तर ताडपत्री धरून काम चाले. या टोळीला 'काम रेंगाळवता' असं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. तिचे पैसे त्याच रात्री, स्लॅबवरच, दिव्याखाली मोजून दिले जात. पैसे थकवले तर पुढच्या स्लॅबला टोळी येणार नाही, हे मालकालाही ठाऊक असे. तीच माणसं दुसऱ्या दिवशी महिन्याच्या हिशेबावर वीटकामाला लागत आणि तोच मालक त्यांना कामचुकार म्हणत असे.

मग पैसे रखडतात कशामुळे? दर वेळी कोणी बदमाश असतो असं नाही. सदनिकांचे हप्ते उशिरा आले, बँकेचा टप्पा अडकला, की विकासक बिल थांबवतो. महिन्याचं बिल, त्याची तपासणी, त्यातून रिटेन्शनची, म्हणजे हमीपोटी राखून ठेवायची, कपात, मग महिना-दीड महिन्यानं चेक. साखळीतला प्रत्येक जण आपली अडचण खालच्याच्या पदरात टाकतो, आणि सगळ्यात खालच्याला टाकायला कोणी उरत नाही. बँकेनं ज्याला एक रुपया कर्ज दिलं नसतं असा बिगारी कोट्यवधींच्या प्रकल्पाला दोन-दोन महिने बिनव्याजी पैसे वापरायला देतो. बाजारात भांडवल महाग आहे म्हणतात, ते खरंच असावं. म्हणून तर इतक्या स्वस्तातलं कोणी सोडत नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखाली मजुरी पंधरा दिवसांच्या पुढे गेली तर दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई ठरली होती. तीनशे रुपयांवर पंधरा पैसे! हसण्यासारखी रक्कम आहे, पण उशिराला किंमत असते हे तत्त्व तरी मान्य झालं. खासगी साइटवर व्यवहारात तेही दिसत नाही.

मुकादमाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण सगळं खापर त्याच्यावर फोडणं सोपं असतं. गावात कोणी आजारी पडलं तर रात्री अकरा वाजता पैसे पाठवणारा माणूस तोच असतो. खोली, शिधा, रेल्वेचं तिकीट, पोलीस चौकी हे सगळं तो बघतो. ही सेवा फुकट नसते. १९८२ च्या एशियाडची बांधकामं दिल्लीत चालू असताना किमान मजुरी सव्वानऊ रुपये होती, आणि जमादार प्रत्येक माणसामागे रोज एक रुपया कापून घेत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हे घटनेच्या तेविसाव्या कलमाखाली वेठबिगारच, असा निकाल दिला. निकाल ऐतिहासिक ठरला. रुपया आजही कापला जातो. आता तो रुपया राहिलेला नाही इतकंच.

नोटबंदीनंतर आणि वेतनाच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर मजुरी थेट बँकेत भरण्याला जोर आला. मोबाइलवरून पैसे पाठवणं तर आता अड्ड्यावरही चालतं. यानं मोठा फरक पडेल असं वाटलं होतं, आणि काही ठिकाणी पडलाही. कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्या माणसाला आज कोणी बुडवू शकत नाही. पण टोळीतल्या सगळ्यांची एटीएम कार्डं रबर बँड लावून एकाच मुकादमाच्या खिशात असलेली मी पाहिली आहेत. पैसा खात्यात गेला, नोंद झाली, तपासणीला आलेल्या साहेबांचं समाधान झालं. बाईच्या मजुरीचं तर विचारूच नका. जोडीनं उक्तं घेतलेल्या कामात तिचा वाटा वेगळा लिहिलाच जात नाही. विटा तिनं वाहिल्या, वाळू तिनं चाळली, पैसे नवऱ्याच्या नंबरवर आले.

नोंदीचा प्रश्न इथे संपत नाही. १९९६ च्या कायद्यानं प्रत्येक मोठ्या बांधकामावर खर्चाच्या एक टक्का उपकर बसवला आणि तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जाऊ लागला. त्यातून मदत मिळवायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरीपटावर ज्याचं नाव नाही, फक्त मुकादमाच्या वहीत ज्याची खूण आहे, तो हा दाखला आणणार कुठून?

मग मापावरची मजुरी वाईटच का? पुण्याच्या मार्केट यार्डात जा आणि हमालाला विचारा. तो पोत्यामागे हमाली घेतो. शुद्ध मापावरची मजुरी. पण बाबा आढाव आणि हमाल पंचायतीनं जो झगडा दिला आणि १९६९ च्या माथाडी कायद्यानं जी व्यवस्था घातली, तिच्यात हमालीचा दर वाटाघाटीनं आणि उघडपणे ठरतो. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला पैसे देतं, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पैसा उभा राहतो. मालक शेकडो, हमालही शेकडो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, अगदी बांधकामासारखीच विखुरलेली परिस्थिती. तरी ती व्यवस्था उभी राहिली. तिच्यातही बोगस टोळ्या शिरल्या, मंडळांचे कारभार रेंगाळले, हे मी जाणून आहे. बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्याइतकं हे कोणी जाणत नसेल. पण पोत्यावर मजुरी घेणारा माणूस म्हातारपणी प्रॉव्हिडंट फंड घेऊन घरी जाऊ शकतो, आणि फुटावर मजुरी घेणारा नाही. याचं कारण दराच्या पद्धतीत नाही. पैसा मधल्या हातातून जातो की मंडळातून, यात आहे.

माझी भूमिका यावरून स्पष्ट झाली असेल. ज्या कामाचा कस वरून दिसतो आणि मोजता येतो, फरशी घ्या किंवा खोदाई, ते खुशाल उक्तं द्यावं. प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, काँक्रीट, सेंट्रिंग, म्हणजे जिथे दोष आत गाडला जातो, ती कामं हजेरीवर आणि वर चांगल्या कामाचा ठरलेला बोनस देऊन करावी. खर्च वाढेल, गळती दुरुस्तीचा खर्च बाजूला ठेवून पाहाल तर नक्कीच वाढलेला दिसेल. उक्तं दिलेल्या कामावरही खोळंब्याच्या तासांची नोंद ठेवावी आणि ते तास भरून द्यावेत. आणि काहीही असो, दर आठवड्याला पूर्ण हिशेब. खर्ची नव्हे, हिशेब.

शेवटी सभागृहातल्या त्या श्रोत्यांशी बोलतो, ज्यांचा बांधकामाच्या धंद्याशी काही संबंध नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, काहींचं रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग निघालं असेल. करार करताना तुम्ही कार्पेट एरिया, पार्किंग आणि भाडं यावर महिनोन्‌महिने भांडता, आणि भांडायलाच हवं. त्या करारात आणखी एक कलम घाला: साइटवरच्या प्रत्येक मजुराला आठवड्याच्या ठरलेल्या वारी, त्याच्या स्वतःच्या हातात किंवा खात्यात, मापासह पूर्ण मजुरी मिळेल आणि त्याची यादी सोसायटीच्या कचेरीत लागेल. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं मजुरी वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे असं सांगितलं होतं, आणि कंत्राटदारानं बुडवलेली मजुरी मूळ मालकावर येते हेही. तेव्हा हे काही नवं मागणं नाही. विकासक म्हणेल, असं कोणी लिहून देत नाही. त्याला सांगा, आम्हाला गळका फ्लॅट नको आहे. आणि ज्या दिवशी पगार वाटला जाईल त्या दिवशी कमिटीतल्या एकानं, निवृत्त असलेल्यानं चालेल, खाली जाऊन अर्धा तास खुर्ची टाकून बसावं.